बिनआकड्याच्या चकत्या

चिप्स आहेत का, विचारलं तर राणीपुऱ्यातला पहिला दुकानदार
बटाट्याचे आहेत, केळ्याचे आहेत, म्हणाला.
इंदूरचं हे असं आहे.
पोकरचे हो, पत्त्यांचे, डावावर लावायचे,
तेव्हा त्यानं चष्म्यावरून माझ्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं
आणि गल्लीच्या आत बोट केलं.

लोकमान्य नगरात शनिवारी आम्ही पाच जण बसतो.
शंभर रुपये आणायचे, फार तर आणखी एकदा शंभर,
मग हात धुऊन पोहे खायचे.
खेळ रोहिणीनं आणला, बंगळूरच्या मुलाकडून शिकून.
आधी चिंचोके होते, त्यांना भोकं पडली.
मग बटणं, त्यात मुळ्यांच्या सफारीची तीन निघाली
आणि त्यांच्या घरी प्रकरण तापलं.
मग खरी चिल्लर.
चिल्लर माणसं सवयीनं खिशात टाकतात.

हकीमुद्दीनभाईंनी काचेवर तीन नमुने मांडले.
प्लास्टिकची, एकशेऐंशीला शंभर:
पंखा लावला की पापडासारखी उडाली असती.
मातीची, बोटाला मऊ,
किंमत ऐकून मी ती निजलेलं मूल ठेवावं तशी खाली ठेवली.
आणि मधली, पोटात लोखंड घातलेली,
दोनशेची आठशेपन्नास. पेटी हवी तर वेगळे पैसे.

सियागंजच्या शाखेत एकतीस वर्षं मी कॅशवर होते.
पितळी बिल्ले दिले, घेतले, पुन्हा दिले;
संध्याकाळी पेटी उचलली की एक कमी असला तरी मनगटाला कळायचं.
म्हणून वीसची चवड केली, अंगठ्यानं सोडली, कान लावला.
प्लास्टिक नुसतं खोकलं.
मधली नीट बोलली.

हिशेब तिथेच पावतीच्या पाठीवर:
एकच्या वीस, पाचच्या बारा, वीसची एक, झाले शंभर.
तेहेतीस पंचे एकशेपासष्ट.
पस्तीस उरतात, ज्याला पुन्हा बसायचंय त्याला.

आकडेवाली द्यू की सादी? भाव एकच, भाई म्हणाले.
लोग नंबरवाली ले जाते हैं, बाद में झगडा नहीं.
बरोबर होतं त्यांचं.
माझा हात आकड्यांकडेच गेला होता,
जन्मभर गेला तसा.
पण पाचचा आकडा छापला की पाच म्हणजे पाच,
आणि पुष्करची पीथमपूरची कंपनी चैत्रात बंद झाली.
तेव्हापासून दुसऱ्या शंभराच्या वेळी त्याचं पोट दुखतं,
पोह्यांच्या वेळी मात्र दुखत नाही.

सादी द्या, म्हटलं. पेटी नको.

शनिवारी पत्ते पिसता पिसता मी सांगून टाकलं,
पांढरी चार आण्याची, लाल सव्वा रुपयाची, हिरवी पाचाची.
पंचवीस रुपये काढा.
बाकलीवाल म्हणाले, चार आणे तर बंद झाले!
रिझर्व्ह बँकेचे, मी म्हणाले. माझे चालू आहेत.
रोहिणीला कळलं, तिनं चहा ओतायला घेतला.
मुळ्यांना कळलं नाही, ते कटकट करत राहिले
की एवढ्याशा पैशांत माणूस घाबरणार तरी कसा.
पुष्करनं आपली चवड दोनदा मोडली, दोनदा लावली.
दहा वाजता त्यानं सगळी पुढे ढकलली
आणि हातात काहीही नसताना
बाकलीवालांच्या दोन राण्या झोपवल्या.
पावणेबारा रुपये! बाकलीवाल असे ओरडले
की शेजारच्यांनी खिडकी उघडली.

आठशेपन्नास भागिले पाच, एकशेसत्तर.
पुष्करच्या नावापुढे वहीत मी 'नंतर' लिहिलं,
पेन्सिलीनं.

चकत्या सध्या लवंगी शेवेच्या रिकाम्या डब्यात असतात.
दोनदा उन्हात घातल्या, वास जात नाही.
रविवारी देवापुढे हात जोडले
तर बोटांना अजून लवंग.