टक्

आवाज आधी बाबांना ऐकू आला.
मी तर रोज आतच बसलेली:
मिठबाव, तांबळडेग, मुणगे, परत,
लशींचा डबा शेजारच्या सीटवर
पट्टा लावून, लहान मुलासारखा.

"फुडचो डावो," ते म्हणाले. "मोरीर टक् करता."
पडवीतल्या खुर्चीतून, डोळे मिटून.
एकतीस वर्षं बर्फाच्या कारखान्यात
कॉम्प्रेसरला कान लावून बसलेला माणूस.
वाद कोण घालणार.

रविवार, सकाळी सात. शहाण्णव सालची मारुती खळ्यात.
मागच्या चाकांना चिरे. पुढे जॅक,
आणि जॅकवर भरवसा नाही म्हणून
चॅसीखाली आणखी चार चिरे, वर फणसाची फळी.
चाक काढलं तर आत
सगळ्या वाड्यांची माती, थरावर थर.
खाऱ्या वाऱ्याने नट आणि बोल्ट असे मुरलेले
की कोण कुणाला धरून आहे कळेना.
रॉकेल. चहा. पुन्हा रॉकेल.
शेवटी पान्यावर पाय देऊन उभी राहिले,
सत्तावन्न किलो, सगळेच्या सगळे,
तेव्हा तो किरकिरला.

बुश म्हणजे काय, लोखंडाच्या दोन नळ्या
आणि मध्ये रबर.
एकीचा धक्का दुसरीला लागू नये
एवढंच त्याचं काम.
हे रबर शिळ्या घावनासारखं,
बोट लावलं की तुकडे नखात.
"माझ्या ढोपरांचा नाव काढू नको," बाबा म्हणाले.
मी काढलंच नव्हतं.

जुना बुश करवतीच्या पात्याने आतून चिरला.
नवा बसवायला प्रेस कुठून आणणार?
एक लांब बोल्ट, तीन वायसर,
आणि माळ्यावरचा, कारखान्याच्या पायपाचा
वीतभर तुकडा. त्याला अजून
अमोनियाचा वास येतो म्हणतात ते.
मला येत नाही.

तेलाच्या बाटलीकडे हात गेला, तर
"रबराक त्याल लावू नको गो, फुगान मरता."
मग रिठे.
आईच्या डब्यातले. सहा वर्षांत
त्या डब्याचं झाकण कुणी काढलं नव्हतं.
पाण्यात चोळले. फेस आला,
आणि खळ्यात एकदम न्हाण्याचा वास.
थोडा वेळ आम्ही दोघंही
पान्याकडे बघत राहिलो.

पाव फेरा, पाव फेरा,
बुश सरळ आत गेला.

सगळं जोडून शेवटचा बोल्ट करकचून आवळणार
तोच खुर्ची वाजली.
"आता नको! गाडी खाली येवंदे.
चाकार वजन पडांदे, मगे आवळ.
अधांतरी आवळलंस तर रबर पिळान रवता,
म्हयन्यात फाटता."
म्हणून गाडी चाकांवर, चाकं चिऱ्यांवर.
ती दोन बोटं खाली बसली.
मी पोटाखाली सरपटत गेले, तोंडात माती,
आणि तिचं वजन होतं तिथेच राहू देऊन
आवळला.

संध्याकाळी मोरीवरून तीनदा जाऊन आले.
काही नाही.
उलट इतके दिवस दबलेलं बाकीचं सगळं ऐकू येऊ लागलं:
डब्याचं झाकण, मागच्या काचेची खुळखुळ,
माझ्याच पर्समधली चिल्लर.

बुधवारी एक बाळंतपण अडलं.
यायला साडेअकरा झाले.
पडवीत दिवा, खुर्चीत बाबा,
जागे आणि चिडलेले.
"टक् झाला काय लाईट घालवन मी निजतंय.
आता कळतला कसा, तू इलंस ता?"

नवा बुश तर काही काढता येत नाही.
मोरीपाशी आता मी काच खाली करते,
हात बाहेर काढून
दाराच्या पत्र्यावर अंगठी वाजवते, एकदाच.
एवढ्याने ऐकू जातं का, विचारलेलं नाही.
परवा वळण घेतलं तेव्हा
पडवीत अंधार होता.