चार पाती

सावळजला खरड छाटणी सुरू झाली की
आमच्या ट्रॅक्टरला रात्रीचीही उसंत नसते.
एकीकडून काड्या आत,
दुसरीकडून भुगा, सरीत घोटा बुडेल एवढा.

काल मोहित्यांच्या बागेत आवाज बदलला.
कापत नव्हतं, चावत होतं.
भुग्याच्या जागी लांब लांब सालपटं,
ओल्या दोरीसारखी.

पीटीओ सोडला. चावी काढून खिशात घातली.
चकती थांबेस्तोवर आकडे मोजत उभा राहिलो,
एकशे दहापर्यंत.
घाई केलेल्याचा हात मी बघितलाय,
त्याला तंबाखू दुसऱ्यानं मळून द्यावी लागते.

बारा बोल्ट, सगळे कुरकुरले.
तिसऱ्या पात्याला हरभऱ्याएवढी खाच,
खाचेत अजून चमकत होता
मांडवाच्या तारेचा तुकडा.
‘तार सगळी काढलीय,’ मोहिते म्हणाले होते.
सगळी.

दस्तगीर शिकलगारांच्या आडनावातच सहाण आहे.
कोन मोजायला त्यांच्याकडे बाभळीची पाचर,
वडलांनी तासलेली, तेलानं काळी पडलेली.
मला म्हणाले, ‘पाणी ओत. हात आखडू नको.
निळं पडलं की पोलाद मेलं.’
मी ओतत राहिलो. ठिणग्या माझ्या चपलेवर विझत राहिल्या.

खाच गेली, मग त्यांनी बाकीची तीन उचलली.
तीन चांगली होती. मनगटावरचा केस निघत होता.
‘चाचा, ह्यांनी काय केलंय?’
‘काय नाय केलं.
पण एकटंच हलकं झालं
तर सगळं अंग थरथरतं. बेरिंग खातं.’

दुकान बंद करता करता जिनपाल मगदुमानं
साखरेचा काटा पुसून दिला.
एक किलो चारशे बारा.
चारशे बारा.
चारशे अकरा.
चौथं चारशे एकोणीस.
‘कितीला किलो?’ जिनपाल हसला.
चाचा हसले नाहीत. चौथं फडक्यात गुंडाळून
पुन्हा सहाणेकडे चालायला लागले,
सात ग्रॅमसाठी, रात्री साडेनवाला,
गुडघ्यावर हात ठेवून.

सकाळी पाती चढवली.
आडव्या पट्टीत आणि धारेत अंतर किती ठेवायचं?
लग्नपत्रिका सरकावी, पण जरा अडून.
डब्यात एकच पत्रिका होती, माझ्या धाकट्या भावाची,
तो आता वेगळा राहतो.
तीच वापरली. चारही पात्यांखालून नेली.
गणपतीचा एक कान कापला गेला.

पहिली काडी आत गेली
आणि काकडी चिरावी तसा आवाज आला.
बांधावरून मोहित्यांनी विचारलं, ‘झालं का?’

मी तारेचा तो तुकडा
त्यांच्या तळहातावर ठेवला,
आणि माझी तंबाखू
मीच मळायला घेतली.