सात घरांचा शब्द

पेझ्लीत जानेवारीत चारलाच दिवे लागतात.
मिसेस गॅलब्रेथच्या मांडीवर शब्दकोडं,
माझ्या हातात त्यांच्या गोळ्यांची वाटी.
'उभा अकरा,' त्या म्हणतात, 'गुपित बाहेर काढणे. सात घरं.'
मी म्हणते रिव्हील. सहाच भरतात.
डिस्क्लोज? एक जास्त होतं,
शिवाय तो फॉर्मवरचा शब्द, त्या म्हणतात:
उत्पन्न, आजार, जुनी शिक्षा,
विचारलं की सांगायचं आणि खाली सही.

मग त्याच लिहितात, थरथरत्या पेन्सिलीनं,
डायव्हल्ज.
मी बोटांवर मोजते. आपल्या लिपीत चारच अक्षरं.
उरलेली तीन घरं
गुपितानं स्वतःकडे ठेवली असावीत.

एकोणचाळीस वर्षं शाळेत लॅटिन शिकवलंय त्यांनी.
या शब्दाच्या पोटात गर्दी आहे, सांगतात,
बाजारातली, धक्काबुक्की करणारी;
एकट्याचं काही तिच्यात सोडून देणं, म्हणजे हा.
मला चव्हाटा आठवतो.
आमच्याकडे त्याला चार वाटा लागतात, मी म्हणते.
त्या 'चव्हाटा' म्हणून बघतात.
दुसऱ्यांदा बराच जमतो.

'पण हा एकटा फिरत नाही हं,' चष्मा पुसत,
'बहुतेकदा नकाराचा हात धरून येतो.
बँक डायव्हल्ज करत नाही. डॉक्टर करत नाहीत.
उघडायला म्हणून घडवला बिचाऱ्याला,
आणि जन्म गेला दारं लावण्यात.'

मी रविवारी तासगावला फोन करते.
'हॉस्पिटलात आहे,' म्हणते.
हॉस्पिटल नाही हे.
इथली परीक्षा दोनदा राहिली माझी,
नर्सिंगचं सर्टिफिकेट बॅगेत, स्वेटरांखाली.
मी अंघोळी घालते, चादरी बदलते,
कवळ्या धुऊन पेल्यात ठेवते.
आई विचारते, पेशंट बरे होतात ना?
मराठीत लपवणं अवघड आहे,
आपल्याकडे सगळं फुटतंच:
बिंग फुटतं, वाचा फुटते, बातमी फुटते,
जणू प्रत्येकाच्या आत एक मडकं ठेवलेलं.

सहाला कॉरिडॉरमधला फोन वाजतो.
आयलीन, त्यांची मुलगी. आठ वर्षांत आलेली नाही.
तब्येत विचारते, हवा विचारते, मग
'आई माझ्याबद्दल काही बोलते का?'

बोलते.
रोज, दिवा घालवल्यावर,
भिंतीकडे तोंड करून.

उघड्या दारातून मिसेस गॅलब्रेथ माझ्याकडे बघतायत,
पेन्सिल ओठांवर आडवी.

मी पहिल्यांदाच तो शब्द वापरते,
नकारासकट, योग्य जागी.
वाक्य इतकं बिनचूक
की माझंच मला परकं वाटतं.

पलीकडे बराच वेळ नुसती खरखर.
मग आयलीन म्हणते, 'थँक यू,'
आणि नाक ओढते,
जणू मी सांगितलंच.