कंदिलाचा भाव

साधी तलवार पंधरा मोहरा.
तीच मंतरलेली, अंधारात निळसर दिसणारी, दोन हजार.
इथपर्यंत माझा हात अडखळत नाही.
पुढे वहीत पेन्सिलीचे आकडे आहेत,
खोडलेले, पुन्हा लिहिलेले,
कागदापलीकडचं दिसू लागेपर्यंत खोडलेले.

डुलुथमध्ये जानेवारी. तळघरात भट्टी घुरघुरते,
वर बर्फ ढकलणारा ट्रक
दर वीस मिनिटांनी आमचं छत हलवून जातो.
टेबलाभोवती चौघं:
रात्रपाळीआधी नर्सच्या कपड्यांतच आलेली थेल्मा,
लाइल आणि त्याचा धाकटा भाऊ, एकाच पिशवीतून चिप्स खाणारे,
आणि वाइनो, ज्यानं चौतीस वर्षं गोदीवर
जहाजांत लोहखनिज भरलं
आणि जो शुक्रवारी रात्री
साडेतीन फुटी बुटका होतो,
दाढीत कुऱ्हाड लपवणारा.

आज ते बाजारात आलेत. दुकानदारीण मीच,
चेटूक विकणारी म्हातारी, एक डोळा काचेचा.
एक कंदील पुढे सरकवते.
याच्या काचेवर श्वास सोडून ज्याचं नाव लिहाल
तो असेल तिथून वाट काढत घरी येईल.
एकदाच. मग वात संपते.

"केवढ्याला?"

इथे खरी पंचाईत.
स्वस्त ठेवला तर उद्यापासून मरणाला कुणी भीक घालणार नाही.
महाग ठेवला तर तो माझ्या वहीतच जळत राहील.
सूत्र आहे एक: ताकदीचा वर्ग गुणिले हजार,
एकदाच चालणारी वस्तू असेल तर त्याचा पाचवा हिस्सा.
आग किती फूट जाते ते मोजता येतं.
दारावरची थाप कशात मोजू?

मी म्हणते, चाळीस हजार.

लाइल खुर्चीवरून पडायचं नाटक करतो.
अव्वाच्या सव्वा! थेल्मा आपल्या चोराचे खिसे उलटे करते.
वाइनो तेवढा हिशेबाला बसतो:
पन्नास मोहरांचा एक पौंड, म्हणजे आठशे पौंड सोनं,
चार खेचरं. "आणि खिंडीत बर्फ.
एखादं दरीत जाणार, धरून चाल."
मग अडीच तास घासाघीस.
कुऱ्हाड गहाण टाकतो. दाढी टाकतो.
डोंगरातल्या वडिलोपार्जित खाणीचा अर्धा वाटा.
मी एकोणतीसवर येते.

एक सांगायचं राहिलं.
दिवसा मी फर्स्ट स्ट्रीटवर गहाणाच्या दुकानात बसते.
तिथलं सूत्र सोपं: विकून जे येईल त्याचा तिसरा हिस्सा.
नोव्हेंबरात वाइनो आला होता,
बायकोचा अकॉर्डियन घेऊन.
लाल, दोन बटणं आत गेलेली.
मी म्हटलं, ऐंशी डॉलर.
त्यानं घासाघीस केली नाही.
पावतीची घडी घालून टोपीत ठेवली
आणि तळं यंदा लवकर गोठणार, असं काहीतरी बोलला.

"बरं, पंचवीस. तुझ्यासाठी म्हणून."
काचेचा डोळा मिचकावता येत नाही,
तरी मी प्रयत्न करते.

वाइनो फासा बोटांत फिरवतो. टाकत नाही.
"आणखी उतरू नकोस," म्हणतो.
"परवडला तर घ्यावा लागेल.
घेतला तर लावावा लागेल."

भट्टी थांबते, अधूनमधून थांबतेच ती.
थेल्मा घड्याळाकडे बघते.
मी पंचवीस खोडते, पुन्हा चाळीस हजार लिहिते,
त्याच्यापुढे आणखी एक शून्य.
वाइनो मान डोलावतो, रास्त भाव निघाल्यासारखी.
"मग खेचरं चाळीस," लाइलचा भाऊ, तोंडात चिप्स.
"पन्नास धर," वाइनो म्हणतो. "खिंड आहे."

दुकानाच्या काचेमागे अकॉर्डियन अजून आहे.
चिठ्ठीवर मी चार हजार लिहिलेत.
मालक विचारतो, डोकं फिरलंय का, कोण घेणार?
मी म्हणते, दुर्मीळ आहे.
बटणं बघा.