बगळा छाप

खोट्या रेशमाच्या दर गठ्ठ्यावर एक कागद असायचा:
निळा डोंगर, त्यावर बर्फाची टोपी,
आणि पाय मागे सोडून उडणारा पांढरा पक्षी.
त्याचं खरं नाव साखर पेठेत कुणाला ठाऊक नव्हतं.
सगळे म्हणायचे, बगळा छाप.
जपानी. स्वस्त. धोट्याखाली तुटत नाही.

माझा भाऊ नरसिंग चहाच्या वाफेवर धरून
ते कागद अलगद सोडवायचा.
मी कांड्या भरायचे, तो बगळे मोजायचा.
शाळेने फेकलेला एक नकाशा होता घरी,
उंदरांनी अरबस्तान खाल्लेला.

मग डिसेंबरात गठ्ठे यायचे थांबले
आणि बातम्या यायला लागल्या.

ताण्याला लावायची खळ बोटावर घेऊन
नरसिंगने हाँगकाँगवर एक बगळा बसवला.
मनिलावर एक.
गड्ड्याची जत्रा चालू होती तेव्हा मलायावर दोन,
जत्रेचे पाळणे उतरून गेले, महिन्याभराने सिंगापूर.
खोटं कशाला बोलू, मजा वाटायची.
तिसात मार्शल लॉ सोसलेलं गाव आमचं;
साहेबाला पळताना बघायला
आख्खी गल्ली आमच्या भिंतीशी यायची.

रंगूनवर लावायला गेला
तेव्हा आईने त्याचं मनगट धरलं.
तेलुगूत म्हणाली,
तिथं माझा भाऊ आहे, आणि तू पाखरं बसवतोस?
म्हणून आमच्या नकाशावर
रंगून कधी पडलंच नाही.

एप्रिलात बॉम्ब पडले विशाखापट्टणमला, काकिनाड्याला.
ही नावं पेपरातली नव्हती,
लग्नाच्या बोलण्यांतली होती, शिव्यांतली होती.
नरसिंगच्या हातात एकच बगळा उरला होता.
त्याने तो वहीत ठेवला
आणि वही अंथरुणाखाली.

राजमल्लूमामा मिरगात आला. एकटा.
पायांना पोत्याचे तुकडे, सुतळीने बांधलेले.
आईने भात वाढला, मामीचं विचारलं नाही.
त्यानेही सांगितलं नाही.
फक्त मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसला.
तिथे पाय दिसत नाहीत, म्हणाला,
बरं वाटतं.
डोंगरातली ती वाट त्याने एकदाच सांगितली,
तीही मोजून:
इतके दिवस, इतकी माणसं, एवढं पाणी.
उजळणी केल्यासारखी.
नंतर लड उचलून तो गाठी सोडवू लागला.

बाप गिरणीत रात्रपाळीला लागला होता.
खाकी ड्रिल. मैलच्या मैल.
पहाटे भोंगा झाला की घरी यायचा,
त्याच्या घामालाही खाकीचा वास.
हे कापड कुणाच्या अंगावर जातं, मी विचारलं.
म्हणाला, जो उभा असेल त्याच्या.
थोडं थांबून म्हणाला,
आडवा असेल त्याच्याही.

चव्वेचाळिसात इम्फाळहून वारं फिरलं.
नरसिंग बगळे काढायला बसला,
पण खळ मुरली होती.
नखाने खरवडलं तर डोंगर सुटून आले
आणि पंख राहिले तिथेच.
सिंगापूरचा फाटला, खाली समुद्रही निघाला.

मग ऑगस्टातला तो पेपर.
दोन गावं. आकडे कुणाला धड वाचता येईनात.
गल्लीत एकाने पेढे वाटले, एकाने घेतले नाहीत.
बाप भिंतीला टेकून ऐकत होता.
त्याने एवढंच विचारलं:
तिथं माग किती असतील?

कुणालाच सांगता आलं नाही.

पुढे चार वर्षांनी एक गठ्ठा आला.
तोच डोंगर, तोच पक्षी, रंग जरा फिके.
खाली इंग्रजीत बारीक ओळ.
नरसिंगने वाचून अर्थ लावला:
ताब्यात घेतलेल्या जपानात तयार केलेलं.
मामाने कागदावरून अंगठा फिरवला,
सूत ओलं आहे का बघतात तसा.
नंतर माझ्याकडे न बघता म्हणाला,
कांडी दे.

वहीतला बगळा अजून माझ्याकडे आहे.
त्याच्या पाठीला खळ लागलेली नाही.