कोपराने

ट्रेनिंगला आलेला पोरगा म्हणाला,
सिस्टर, माणसाला ढकलायचं नाही,
कोपराने जरासं हलवायचं, बस.
मी हसले. आमच्याकडे त्याला कोपरखळी म्हणतात,
आणि ती खाल्लेला माणूस वर चहा पाजतो.

तरी केलं. सातपूरचा आमचा दवाखाना,
महापालिकेचा, दोन पंखे, त्यातला एक बोलका.
आधी दारापासून बेसिनपर्यंत
हिरवी पावलं रंगवली. पोरं त्यांवर लंगडी खेळली
आणि खेळत खेळत बेसिनला जाऊन धडकली.
धडकली की धुतलेच हात.

मग समोरच्या मिसळवाल्या खैरनारांना म्हटलं,
मिठाची डबी टेबलावरून उचला, गल्ल्यापाशी ठेवा.
गिऱ्हाईक भांडेल, म्हणाले.
महिन्याने सांगत होते, मागणारे दोघे-तिघे,
बाकीच्यांना आठवतसुद्धा नाही.
ऐकून बरं वाटलं, आणि थोडं चोरट्यासारखंही.
न विचारता कुणाकुणाची चिमूट काढून घेतली होती मी.

पण सगळ्यात सोपं होतं पेन.
बीपीच्या कार्डावर पुढची तारीख वीस वर्षं मीच घालत आले,
लाल शाईत, शिक्का मारून, खाली दोन रेघा.
निम्मे यायचे नाहीत.
आता कार्ड त्यांच्याकडे फिरवायचं, पेन द्यायचं
आणि गप्प बसायचं.
गप्प बसणंच मला जमत नव्हतं.

वाळूबा गांगुर्डे, अंबडच्या कारखान्यातून रिटायर,
लेथवरचा माणूस, अक्षर एका सुतात.
त्यांनी लिहिलं, “गुरुवार. बाजाराच्या दुसऱ्या दिवशी.
सकाळी दहा. येतो.”
‘येतो’ मी लिहायला सांगितलं नव्हतं.

त्या गुरुवारी दहाला त्यांची बायको आली, एकटी.
कार्ड पिशवीत, आणि उरलेल्या नऊ गोळ्या,
मोजून, पुडीत बांधलेल्या.
तेरावं परवा झालं, म्हणाली,
पण येतो म्हणून लिहून ठेवलंय ना त्यांनी.
कुणीतरी यायला पाहिजे.

काय बोलावं सुचेना,
म्हणून तिच्या दंडाला पट्टा बांधला.
एकशे ऐंशी. पुन्हा पाहिलं. तेच.
“मला काही होत नाही,” ती म्हणाली,
“व्हायचं ते त्यांना.”

नवं कार्ड काढलं. हात सवयीने शिक्क्याकडे गेला,
तो मागे घेतला.
मला कुठं येतंय लिहायला?
येईल तसं काढा.
बोलका पंखा बोलत राहिला.
बऱ्याच वेळाने तिने एक पाटी काढली, तिरकी,
गंगेवरच्या बाजारात भाजीवाल्या मांडतात तशी,
वर तीन ठिपके, वांगी असतील.
तो बुधवार झाला.
मग पाटीच्या पुढे, पेन दाबून, कार्ड फाटेल इतकं,
एक उभी रेघ.

दुसरा दिवस.