दुसरी बाजू

रुवीत दिवाळीला एसी बंद ठेवावा लागतो,
नाहीतर पणत्या राहत नाहीत.
तर घाम पुसत, चटईवर, फराळाची ताटं मांडीशी ओढून
आम्ही तिघं भावंडं.
उल्का कुवेतहून आलीय, चारू सोहारहून गाडी हाकत,
मी इथलीच झालेय आता.

विषय अर्थातच फलटण.
सहामाहीचा शेवटचा पेपर टाकला की दप्तर कोनाड्यात
आणि ओढ्याकाठची माती पोत्यानं अंगणात.
किल्ला.
चारू म्हणतो, बुरूज सगळे माझे.
उल्का म्हणते, तू नुसते हळीव पेरलेस
आणि उगवले का बघायला रोज उकरलेस.
मी म्हणते, भुयार मी खणलं होतं,
त्यात सुतळी बॉम्ब कुणी लावला ते आधी सांगा.
अडतीस वर्षं हा खटला चालू आहे.

पोरं ऐकतात, निम्मा जीव फोनमध्ये.
चारूचा धाकटा विचारतो, हळीव म्हणजे काय?
तिघं एकदम बोलायला लागतो
आणि एकालाही धड सांगता येत नाही.

भाऊ सोफ्याच्या कडेला.
ऐंशी वर्षांचे, व्हिजिट व्हिसावर,
ज्या गावात अठरा वर्षं पाइप जोडले
तिथं आता पाहुणे.
आमच्या एकाही गोष्टीत ते नाहीत.
हे तिघांच्या एकाच वेळी ध्यानात आलं असावं,
कारण उल्कानं उगाचच चिवड्याचा डबा पुढं केला.

'बॉम्ब उल्कीनं लावला,' भाऊ म्हणाले.

'तुम्ही कुठं होतात तेव्हा?'

'वादी कबीरला, कँपात.
कदमाच्या हाती कॅसेट आली होती तुमची.
तुमच्या आईनं टेप चालू करून ओट्यावर ठेवला
आणि विसरली असणार.
आधी बराच वेळ नुसतं तळण.
मग चारू रडतो, हळीव येईनात म्हणून.
मग धडाम.
आई ओरडते, कुणी केलं रे?
कुणी बोलत नाही.
मग अगदी जवळून, टेपच्या तोंडाशी, ही कुजबुजते,
भाऊ, मी केलं. तुम्ही सांगू नका.'

चकलीचा तुकडा ते चहात धरतात, कवळीला सोसेल इतका वेळ.

'नाही सांगितलं.'

खाली रस्त्यावर कुणाच्या तरी गाडीचा दरवाजा लागला.
चारू हसायला गेला आणि हसला नाही.

'दुसऱ्या बाजूला काय होतं?' मी विचारलं.

'काही नाही. टेप फिरत होता.
भांडी घासल्याचा आवाज, थोड्या वेळानं तोही नाही.
नंतर बांगड्या.
नंतर बटण दाबल्याचा खटका.
ती बाजू मी जास्त ऐकली.'

'कुठंय कॅसेट?' चारूचा धाकटा.
फोन पालथा ठेवलेला, मगापासून.

'परत निघालो तेव्हा सामान तीस किलो. तुमच्या आजीचं मिक्सर होतं त्यात.
कदमाच्या पोराला दिली.
त्यानं वर कव्वाल्या भरल्या.'

'म्हणजे पुरावा नाही,' उल्का म्हणते, नाक ओढत,
आणि चारू खटला पुन्हा उघडतो,
या वेळी साक्षीदारासकट.

भाऊंचा चकलीचा तुकडा कपात पडला होता.
ते चमच्यानं त्याला शोधत राहिले.